गेर्लिंडे हॅम्बुर्गला उतरते

गेर्लिंडे हाउगनं ती बातमी फोडली तेव्हा तिचा नवरा ओटमार मसूर, शेवया आणि सॉसेज खात होता. शनिवारी दुपारी हाउगांच्या घरी दुसरं काही शिजत नाही, आणि ओटमार जेवत असताना त्याच्याशी महत्त्वाचं काही बोलू नये, हे एकोणचाळीस वर्षांच्या संसारात तिला चांगलं कळलेलं होतं. तरी ती बोलली. सकाळपासून ते वाक्य ओठांवर येऊन थांबलं होतं. आणखी तासभर थोपवलं असतं तर तिनं ते शेवयांनाच सांगितलं असतं.

"जूनमध्ये बोट हॅम्बुर्गला परत लागली ना, की तू सगळ्यांबरोबर बसनं घरी ये. मी दोन दिवस तिथंच राहीन म्हणते."

ओटमारनं सॉसेजचा तुकडा कापला, मोहरीत बुडवला आणि सावकाश चावून खाल्ला. तो जन्मभर वजनकाट्यांच्या कारखान्यात होता. कुठलीही गोष्ट तोलून झाल्याशिवाय तो तोंड उघडत नसे.

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर नाही. एकटी."

"मग कशाला?"

रॉयटलिंगनच्या ज्या गायनमंडळात ती दोघं गात होती, त्यानं यंदा नॉर्वेची बोटसफर ठरवली होती. अडतीस माणसं, अकरा दिवस. छापील कार्यक्रमपत्रिकेत शेवटची ओळ होती : 'दिवस अकरावा. सात वाजता हॅम्बुर्ग. साडेआठला बस.' ती ओळ गेर्लिंडेनं वाचली आणि तिच्या मनात आलं, सात आणि साडेआठच्या मध्ये एक अख्खं शहर पडलेलं आहे आणि आपण त्याला पाठ दाखवून सातशे किलोमीटर बसमध्ये बसणार. बस, एवढंच. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात हॉटेलच्या खोलीत ती एकटी कधी झोपली नव्हती, हेही त्याच वेळी तिच्या लक्षात आलं. पण ही काही मोहरी लावून नवऱ्याला देण्यासारखी कारणं नव्हती.

"सहज," ती म्हणाली.

ओटमारनं मान डोलावली आणि आणखी मसूर वाढून घेतले. प्रकरण इतक्यावर मिटलं असं तिला वाटलं. गायनमंडळाचे अध्यक्ष एबर्लेसाहेब यांना ती अजून भेटायची होती.

एबर्लेसाहेब एका बँकेच्या शाखेत उपव्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले होते, आणि व्यवस्थापक न झाल्याची सगळी भरपाई ते गायनमंडळाकडून करून घेत होते. तालमीनंतर गेर्लिंडेनं त्यांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"हाउगबाई, आजवर असं कुणी केलेलं नाही. चौऱ्याहत्तर साली आपला एक गायक इन्सब्रुकला मागे राहिला होता, नाही असं नाही. पण तो पाय मोडून राहिला होता."

"मी धडधाकट असताना राहणार आहे."

"तोच तर प्रश्न आहे. बसची यादी अडतीस जणांची आहे. रस्त्यात डोकी मोजली आणि सदतीस भरली तर जबाबदार कोण? तुम्ही अर्ज करा."

"अर्जाचा नमुना आहे का?"

"नाही. तयार करतो."

त्यांनी तो दोन दिवसांत तयार केला. 'गटापासून विलग होण्याबाबतचा अर्ज' असं त्याचं नाव होतं आणि त्यात सात रकाने होते. चौथा रकाना होता : 'कारण'.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गेर्लिंडेनं चौतीस वर्षं नगरपालिकेत, राहत्या पत्त्याची नोंदणी होते त्या खिडकीमागे काढली होती. कुठलाही रकाना कोरा सोडून आलेल्या हजारो माणसांना तिनं गोड आवाजात परत पाठवलं होतं. तेव्हा हा रकाना कोरा सोडणं तिच्या हातून होणं शक्य नव्हतं. ते म्हणजे खाटकानं हॉटेलात जाऊन पालेभाजी मागवण्यासारखं झालं असतं. तिनं तासभर विचार केला आणि लिहिलं : 'हॅम्बुर्ग'.

अर्ज परत आला. समासात एबर्लेसाहेबांच्या बारीक अक्षरात शेरा होता : 'हॅम्बुर्ग हे ठिकाण आहे, कारण नव्हे.' गेर्लिंडेला अपमान वाटला. शेरा बरोबर होता आणि खिडकीमागून तिनंही नेमकं हेच सांगितलं असतं, यामुळे तो जास्तच लागला. रागाच्या भरात तिनं 'हॅम्बुर्ग' खोडलं आणि लिहिलं : 'वैयक्तिक'.

अर्ज मंजूर झाला, आणि गायनमंडळाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला.

दरम्यान जिन्याचं संकट उभं राहिलं. हाउग दांपत्य राहत होतं त्या इमारतीत जिना झाडायची पुसायची पाळी आठवड्याआठवड्यानं फिरते. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी अडकवली जाते, आणि ती पाटी अडकलेली असताना गावाला जाणारा माणूस त्या गल्लीत अजून जन्माला यायचा आहे. गेर्लिंडेनं कॅलेंडर काढून पाहिलं. हॅम्बुर्गच्या आठवड्यात पाटी नेमकी तिच्याच दाराला येत होती.

तळमजल्यावरच्या रेंबोल्डबाईंकडे ती केकचा तुकडा घेऊन गेली.

"ओटमार शुक्रवारी घरी असेलच. तो पुसेल," ती म्हणाली.

"पुरुषमाणसाचं पुसणं म्हणजे पाणी एका पायरीवरून दुसरीवर नेणं," रेंबोल्डबाई म्हणाल्या. "मी घेते तुमचा आठवडा. त्याच्या बदल्यात तुम्ही माझे जानेवारीतले दोन घ्या."

"बर्फ काढण्यासकट?"

"जानेवारीत बर्फ पडतो, त्याला मी काय करू?"

गेर्लिंडेनं बर्फ कबूल केला. ती उठणार तोच रेंबोल्डबाईंनी तिचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "आता मला खरं सांगा. कोण आहे तिथं? माझ्या पोटातून बाहेर जायचं नाही."

"कुणीही नाही हो."

"बरं. नसेल सांगायचं तर नका सांगू."

रेंबोल्डबाईंच्या पोटात गोष्ट राहते हे खरं, पण ती साधारण कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंतच राहते. आठवड्याभरात हॅम्बुर्गला कुणीतरी आहे हे नक्की झालं. पुढच्या तालमीला तो माणूस जुना वर्गमित्र होता. ईस्टर येईपर्यंत त्याला पांढरी दाढी फुटली आणि तो बंदरात मोठाली जहाजं आत आणणारा विधुर झाला. गेर्लिंडेला हे कळलं तेव्हा ती लालबुंद झाली. मात्र मंडळींनी निवडलेला माणूस तसा वाईट नाही, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं.

ओटमार बेकरीतून रोज सकाळी पाव आणत असे. एका सकाळी तो पाव घेऊन आला, पिशवी टेबलावर ठेवली आणि कोट न काढताच खुर्चीवर बसला.

"गेर्लिंडे, हॅम्बुर्गला कुणी आहे का?"

"अठरा लाख माणसं आहेत."

"त्यातलं कुणी?"

"अजून एकाशीही ओळख नाही."

तो हसला, पण नेहमीसारखा नाही. लोणी लावताना त्यानं पावाची कड मोडली, आणि हे त्याच्या हातून एरवी होत नसे. गेर्लिंडेचं मन खट्टू झालं. क्षणभर तिला वाटलं, सांगून टाकावं, नाही जात मी, बसमध्ये तुझ्याशेजारी बसते, खिडकीची जागा तूच घे. तिनं तोंड उघडलंही होतं. पण आतून काहीतरी घट्ट धरून बसलं होतं; ते सुटेना.

"मी तुझ्यापासून लांब जात नाहीये, ओटमार. मला नुसतं बघायचंय, सकाळी उठून काय करायचं ते कुणाला विचारायचं नसेल तर मी काय करते ते."

"मी विचारायला लावतो का?"

"नाही. मीच विचारते. अंडं किती मिनिटं उकडू, हेसुद्धा गेली एकोणचाळीस वर्षं रोज विचारते. तू रोज पाच सांगतोस."

ओटमारनं यावर बराच विचार केला. "साडेचार सांगायचं राहूनच गेलं," तो म्हणाला आणि कोट काढायला उठला.

या बोलण्यानंतर गेर्लिंडेचा उत्साह दुप्पट झाला. बंदराच्या वरच्या गल्लीतल्या एका छोट्या हॉटेलला तिनं फोन लावला. पलीकडच्या बाईचा आवाज उत्तरेकडच्या लोकांचा असतो तसा, शब्द मोजूनमापून देणारा होता.

"किती जण?"

"एक."

"बेड दोघांचा आहे."

"मी मधोमध झोपेन."

"झोपा," ती बाई म्हणाली आणि नाव लिहून घेतलं.

फोन ठेवल्यावर गेर्लिंडे स्वयंपाकघरात दोन फेऱ्या मारून आली. मधोमध. हे आपण बोललो, आणि तेही परक्या बाईशी.

मग सरावाला सुरुवात झाली. एकटीनं जेवायला बसायची सवय हवी म्हणून ती एका बुधवारी गावातल्या खाणावळीत गेली, कोपऱ्यातलं टेबल घेतलं आणि सूप मागवलं. पाच मिनिटांत मंडळातल्या तीन बायका आत आल्या. त्यांनी तिला एकटीला पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि भरल्या डोळ्यांनी तिच्याच टेबलाशी येऊन बसल्या. एकीनं तिचा हात थोपटला. दुसरीनं तिच्या सुपाचं बिल भरलं. सराव तिथंच संपला.

चौथ्या मजल्यावरच्या बिट्झरसाहेबांना मात्र अफवांमध्ये रस नव्हता. ते निवृत्त अभियंते होते आणि त्यांना नियोजनात रस होता. "दोन दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस तास. झोप वजा करा, उरले बत्तीस. बत्तीस तास असे मोकळे सोडायचे नसतात, हाउगबाई," ते म्हणाले आणि पंधरवड्यानं सहा पानी तक्ता घेऊन आले. निळ्या रंगात संग्रहालयं, हिरव्यात बागा, लाल रंगात रस्ता ओलांडायच्या जागा. गुरुवारी दुपारी चार चाळीस ते चार पंचावन्न या चौकटीत लिहिलं होतं : 'मनाला येईल ते'.

तक्त्यातल्या उरल्यासुरल्या फटी रेंबोल्डबाईंनी भरल्या. त्यांना एका विशिष्ट दुकानातला चहा हवा होता, बहिणीसाठी किलोभर धुरी दिलेला वाम मासा हवा होता, आणि त्यांच्या पहिल्या नवऱ्याच्या मामाची कबर नीट आहे का, याचा फोटो हवा होता. "आता जाताच आहात म्हणून," त्या म्हणाल्या. जिन्याचा आठवडा त्यांच्याकडे असल्यामुळे गेर्लिंडेला नाही म्हणता आलं नाही. मे संपेपर्यंत तिच्या दोन मोकळ्या दिवसांत वीस मिनिटंही मोकळी उरली नव्हती, आणि तरी रात्री अंथरुणावर पडलं की तिला गुदगुल्या व्हायच्या.

नॉर्वे सुंदर होता. त्याबद्दल ओटमारकडे चारशे फोटो आहेत, तेव्हा इथे जास्त सांगत नाही. गेर्लिंडेनं डोंगर पाहिले, धबधबे पाहिले, मंडळानं डेकवर गाणी म्हटली तेव्हा खालचा सूरही धरला, आणि रोज संध्याकाळी मनातल्या मनात एकेक दिवस खोडला.

शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या होत्या. बोटीचे लोक त्या बंदरावर उतरवणार होते. मंडळाच्या बॅगांना पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, म्हणजे त्या थेट बसच्या पोटात जाणार. गेर्लिंडेच्या बॅगेला चिठ्ठी नव्हती आणि ती तशीच राहायला हवी होती. पण जेवणानंतर एबर्लेसाहेब मोजणीसाठी खोल्यांसमोरच्या बोळातून फिरले. त्यांना हाउगांच्या दाराशी एक बॅग चिठ्ठीविना दिसली. त्यांच्या खिशात पिवळ्या चिठ्ठ्या नेहमीच जादा असतात. त्यांनी खाली वाकून, स्वतःच्या हातानं, प्रेमानं चिठ्ठी लावली.

सकाळी साडेआठला बंदरावर गेर्लिंडे खांद्याला पर्स लावून आपली बॅग शोधत होती. ती सापडली. बसच्या पोटात, सगळ्यात आत, सदतीस बॅगांच्या मागे.

"ती काढायची म्हणजे सगळं उतरवावं लागेल," ड्रायव्हर म्हणाला. "आठ पस्तीसला मला ही जागा सोडायचीय. मागे तीन बसगाड्या उभ्या आहेत."

"चिठ्ठी कुणी लावली?" गेर्लिंडेनं विचारलं.

एबर्लेसाहेबांचा चेहरा पडला. "हाउगबाई, मला वाटलं, राहून गेली असेल. आता तुम्ही असं करा, बसमध्येच चला कशा. एवढं सगळं सामान घरी चाललंय. अर्ज मी रद्द समजतो."

बसच्या खिडक्यांना चेहरे चिकटले. रात्रीचे कपडे, दाताचा ब्रश, नवे बूट, चहा-वाम-कबरीची यादी आणि बिट्झरसाहेबांचा सहा पानी तक्ता, सगळं त्या बॅगेत होतं. गेर्लिंडेनं बसच्या उघड्या दाराकडे पाहिलं. तिच्या पाठीमागे समुद्रपक्षी ओरडत होते, वारा सुटला होता, आणि तिला रडू येईल की काय असं वाटलं. पाच महिने, सात रकाने, जानेवारीतले दोन आठवडे, आणि शेवटी एका पिवळ्या चिठ्ठीनं घात केला.

तेवढ्यात ओटमार बसमधून खाली उतरला. त्यानं अंगातला निळा स्वेटर डोक्यावरून काढला, केस उभे राहिले, आणि तो तिच्या हातात दिला.

"इथं संध्याकाळी गार होतं. ब्रश विकत मिळतो. बॅग मी नेतो."

"ओटमार, पण तक्ता आत आहे."

"असू दे," तो म्हणाला. मग सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं एबर्लेसाहेबांना सांगितलं, "अडतिसातला एक वजा. लिहून घ्या." आणि वळून बसमध्ये जाऊन बसला.

बस गेली. गेर्लिंडे बंदरावर उभी राहिली. तिच्याकडे एक पर्स, एक स्वेटर आणि बत्तीस तास होते.

हॉटेलातली बाई फोनवर होती तशीच होती. "सामान?" तिनं विचारलं. "रॉयटलिंगनला गेलं," गेर्लिंडे म्हणाली. बाईनं भुवई उचलली, खणातून एक नवा ब्रश काढून दिला आणि पुढे काही विचारलं नाही. गेर्लिंडेला ती एकदम आवडून गेली.

मग ती निघाली. कुठे, ते तिला माहीत नव्हतं. उतारावरून पाय नेतील तशी ती खाली नदीच्या पाण्यापर्यंत आली, समोर एक फेरी सुटत होती, आणि पाटी न वाचता ती आत चढली. फेरी पलीकडच्या काठाला लागली तेव्हा तिथं पाहण्यासारखं काही नव्हतं. घरं होती, सफरचंदाची झाडं होती, एक माणूस सायकलला हवा भरत होता. ती दीड तास तिथंच हिंडली. परत आली आणि दुसऱ्या फेरीत बसली. दुपारी तिनं हेरिंग माशाचा पाव घेतला. दुसऱ्या घासाला एक समुद्रपक्षी झेप घेऊन मासा घेऊन गेला आणि तिच्या हातात पाव आणि कांदा उरला. आजूबाजूचे लोक हसले, तीही हसली, आणि पुन्हा रांगेत उभी राहिली. या वेळी भिंतीला पाठ लावून खाल्लं, कारण माणूस शिकतो. एका बाकावर बसून तिनं क्रेनकडे तास-दीड तास पाहिलं. एवढा वेळ काहीच केलं नाही असं लग्नानंतर प्रथमच झालं असेल. मध्येच तिला वाटलं, आता जावं. मग वाटलं, कुठे? आणि या विचारानं तिच्या अंगावर शहारा आला, चांगला.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला, पाण्यावर अजून लख्ख ऊन असताना, ती धक्क्यावरच्या एका टेबलाशी बिअर घेऊन बसली होती. फोन वाजला. ओटमार होता. मागून ग्लासांचा आणि माणसांचा आवाज येत होता.

"पोचलात?" तिनं विचारलं.

"बस पोचेल नऊपर्यंत."

"म्हणजे? तू कुठे आहेस?"

"वुर्झबुर्गला. नदीवरच्या जुन्या पुलावर. इथं लोक पुलावर उभे राहून वाइन पितात, तुला माहीत होतं?"

गेर्लिंडेनं ग्लास खाली ठेवला. "ओटमार, काय झालं?"

"काही नाही. हॅनोव्हरपर्यंत ते मला दाढीवाल्याबद्दल विचारत होते. कासलपर्यंत धीर देत होते. इथं कॉफीला थांबलो तेव्हा मी बाहेर आलो, पूल दिसला, ऊन छान होतं. म्हटलं, राहावं."

"आणि एबर्लेसाहेब?"

"म्हणाले, असं करता येत नाही. मी म्हटलं, बरं. आणि निघालो. तुझी बॅग बसबरोबर जातेय, माझीपण."

तिला आधी काळजी वाटली, मग हसू आलं आणि मग, खरं सांगायचं तर, चांगलाच राग आला. तिला पाच महिने लागले होते. लेखी अर्ज, शेरा, अफवा, बर्फाचा करार. या माणसानं तेच काम एका कपभर कॉफीत उरकलं होतं, आणि वर त्याला ते छान जमलेलं दिसत होतं.

"राहणार कुठे?"

"बघतो."

'बघतो' हा शब्द ओटमारच्या तोंडून तिनं आयुष्यात ऐकला नव्हता. तिनं फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"एकट्याला करमतंय का तुला?"

"अजून कळलं नाही. अर्ध्या तासानं सांगतो."

तिच्यासमोरच्या नदीतून एक पांढरं जहाज हळूहळू समुद्राकडे निघालं होतं आणि डेकवरची अनोळखी माणसं काठाकडे बघून हात हलवत होती.

"अर्ध्या तासानं नको," गेर्लिंडे म्हणाली. "परवा सांग."

तिनं फोन बंद करून पर्सच्या तळाशी टाकला, उभी राहिली आणि दोन्ही हात वर करून जहाजाला हात हलवू लागली.